मंदाताईंची वजरी

"अगं शलाके, ही कसली वजरी म्हणायची? हिच्यात काचा आहेत काचा! बघ, टाच कशी सोलून निघाली."

न्हाणीघराच्या दारात मंदाताई भिंतीला धरून एका पायावर उभ्या होत्या. शलाका चहा गाळत होती. तिने वळून पाहिलं, पण टाचेकडे तिचं लक्षच गेलं नाही. आईच्या ओल्या हातातला राखाडी, भोकाभोकांचा दगड बघून तिच्या हातातली गाळणी तशीच अधांतरी राहिली.

"आई, हा कुठून घेतलास?"

"कुठून म्हणजे? तुझ्या टेबलाच्या खणातून. खंडीभर दगड नुसते पडून आहेत तिथं. एक घेतला तर काय आभाळ कोसळलं?"

"त्यावर चिठ्ठी चिकटवली होती ना!"

"होती. पाण्यात गेली."

आता खरं सांगायचं तर मंदाताईंचं तरी काय चुकलं? सातारा जिल्ह्यात जन्म गेलेल्या बाईच्या हातात हलका, खरखरीत दगड द्या, ती आधी आपल्या टाचेकडेच बघणार. शास्त्रज्ञ त्याला प्यूमिस म्हणतात. वायूने फसफसलेला शिलारस हवेत उडाला आणि फेसासकट गोठला, की हा दगड तयार होतो. मंदाताईंच्या लेखी ती टाचा घासायची वजरी. आणि कोरेगाव सोडून जर्मनीत राहायला आल्यापासून चांगली वजरी मिळत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती.

शलाकाने आईला स्टुलावर बसवलं, टाच पुसली, मलम लावलं. मग दगड उजेडात धरला. घासून घासून त्याचा एक पापुद्रा निघाला होता आणि आतून हरभऱ्याएवढा एक स्फटिक डोकं वर काढून बसला होता. काचेसारखा स्वच्छ. टाच खरडली ती त्यानेच.

"हा मी प्रयोगशाळेत नेते," ती म्हणाली.

"ने बाई. पण परत आण. दुसरी वजरी नाही माझ्याकडे."

त्या दोघी राहत होत्या आयफेलमध्ये. जर्मनीच्या पश्चिमेच्या या टेकड्या दिसायला इतक्या गरीब, की इथे कधी ज्वालामुखी होते असं सांगितलं तर कुणी हसेल. पण त्यांच्या ओबरमूलन गावाच्या वरच्या अंगाला जे गोल तळं आहे, ते तळं नव्हेच; ते एका ज्वालामुखीचं तोंड. तेरा हजार वर्षांपूर्वी तो फुटला आणि सगळं खोरं या फेसाळ दगडाखाली गाडलं गेलं. ज्वालामुखी बहुतेक करून भूपट्टांच्या कडेला असतात. काही मात्र खंडाच्या ऐन पोटाखाली, खोलवरून वर येणाऱ्या उष्णतेच्या झोतावर पेटतात. त्याला तप्तबिंदू म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण असल्याच एका झोताचं देणं आहे. फरक एवढाच, की सह्याद्रीखालची चूल कधीच विझली आणि आयफेलखालची अजून धुगधुगतेय.

ती किती धुगधुगतेय हे बघणं शलाकाचं काम. गावाबाहेर खोल छिद्र पाडलं होतं. त्यातून तप्त थराच्या काठावरच्या खडकाचे कपचे वर येत. खाली शिलारस काही पाण्यासारखा वाहत नसतो. तो असतो लापशीसारखा, अर्धा रस आणि अर्धे स्फटिक. आणि स्फटिक झाडासारखे वाढतात, थरावर थर. खालून नवा, कडक तापलेला रस येऊन मिसळला की स्फटिकावर वेगळ्या द्रव्याची एक नवी कड चढते. सुरुवातीला जुना थर आणि नवी कड यांच्यातली रेघ ब्लेडने ओढल्यासारखी लख्ख असते. मग उष्णतेने अणू हळूहळू इकडचे तिकडे सरकतात आणि रेघ पुसट होत जाते. लोणच्याची फोड कापून मसाला किती आत गेलाय हे पाहिलं की लोणचं कधी घातलं ते कळतं ना, तसंच. रेघ जितकी मुरलेली, तितका काळ लोटलेला. पूर्वी एक रेघ वाचायला महिने लागत. शलाकाच्या गटाने बनवलेलं यंत्र तेच काम सकाळी कपचा घातला की जेवायच्या सुट्टीपर्यंत करायचं. त्याचं जर्मन नाव हातभर लांब होतं. शलाका त्याला कडावाचक म्हणे.

आणि गेल्या आठवड्यात कडावाचकाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. छिद्रातून आलेल्या कपच्यावरची रेघ लख्ख होती. म्हणजे खाली नवा रस आला होता, आणि तोही नुकताच, फार तर दोन-तीन वर्षांपूर्वी. तेरा हजार वर्षांपूर्वीच्या दगडांतल्या स्फटिकांची बाहेरची कड हीच गोष्ट सांगत होती: नवा रस आला आणि थोड्याच वर्षांत डोंगर फुटला. दोन आणि दोन चार. सरकारने ठरवत आणलं होतं, की सगळं खोरं कायमचं रिकामं करायचं. शुक्रवारी शलाकाने गावच्या सभेत शेवटचं मत द्यायचं, की निघाल्या गाड्या.

खोरं रिकामं झालं तर शलाका बॉनला जाणार होती, आईला घेऊन. यात तशी अडचण काहीच नव्हती. अडचण होती ती योसेफरावांची.

योसेफ हा शेजारचा म्हातारा. आयुष्यभर जात्यांचे दगड घडवले. आता बायको गेलेली, मुलगा कॅनडात. शलाकाचे बाबा गेल्यावर मंदाताई इथे आल्या तेव्हा दिवसदिवस खिडकीत बसून असायच्या. बालवाडीत चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई, पण इथे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. एकदा योसेफच्या अंगणात त्यांना जातं दिसलं. त्या तडक कुंपण ओलांडून गेल्या आणि जात्याच्या पाळीवर हात ठेवून रडल्या. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. कानात घालायचा दुभाषा होता, पण मंदाताई तो काढून खिशात टाकत. म्हणत, "त्याच्या मध्ये मध्ये बोलण्यानंच काही कळत नाही." कोरेगावच्या धाकट्या बहिणीचा फोन आला की ती 'मंदाताई' म्हणते, हे ऐकून योसेफही त्यांना मंदाताई म्हणू लागला. शलाकाला गंमत वाटायची.

आणि मग या पाडव्याला तो श्रीखंड घ्यायला आला आणि म्हणाला, "मंदा, अजून थोडं."

नुसतं मंदा. ताई गेली होती.

आईने वाढलं, पण तिचे कान लाल झाले. ताई म्हणजे बहीण, हे योसेफला कुणी सांगितलं असेल? आईशिवाय दुसरं कोण सांगणार! त्या दिवसापासून शलाकाला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा आणि राग येतो म्हणून स्वतःची लाजही वाटायची. बाबांना जाऊन चारच तर वर्षं झाली होती.

टाचेचा स्फटिक तिने दगडातून सोडवला, मधोमध कापला आणि यंत्रात ठेवला. सहज म्हणून. तेरा हजार वर्षांपूर्वीच्या या दगडांतले मोठे स्फटिक आजवर कुणी आरपार कापलेच नव्हते. स्फोटाआधी किती वेळ मिळाला, एवढाच प्रश्न विचारायचा होता. त्याला बाहेरची कड पुरायची. आत कोण कशाला बघतंय?

पडद्यावर चित्र उमटलं. बाहेरची कड लख्ख. ती असणारच होती. पण तिच्या खूप आत आणखी एक कड होती. पुसट, मुरलेली, शतकांची जुनी. तिच्यावर सावकाश, शांतपणे वाढलेले थर होते.

शलाका खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली. म्हणजे त्या डोंगराखाली पूर्वीही एकदा नवा रस आला होता. तापला, खदखदला, आणि निवला. डोंगर फुटला नाही. शेकडो वर्षं काही झालं नाही. मग पुन्हा केव्हातरी रस आला, आणि त्या वेळी मात्र फुटला.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" ती मोठ्यांदा म्हणाली. शेजारच्या टेबलावरची आन्के दचकली. आन्के तिची सहकारी, नाकासमोर चालणारी मुलगी.

"काय झालं?"

"काही नाही. आन्के, माझ्या घरच्या खणातले आणखी दगड आणून देते, ते फोडायचे. मोठे स्फटिक काढ, आरपार काप. मी काय शोधतेय ते तुला सांगणार नाही. तू काय दिसतं ते मला सांग."

असं तिने मुद्दाम केलं. कारण मनातून तिला काय हवंय, याचाच तिला पत्ता लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी आन्के आली तीच डोळे विस्फारून. कुणात आत एक मुरलेली कड होती, कुणात दोन, कुणात एकही नाही. म्हणजे खालून नवा रस येतो, पुष्कळदा येतो. कधी डोंगर फुटतो, बरेचदा निवतो. आणि आजच्या कपच्यावरची लख्ख रेघ दोन्ही गोष्टींची सुरुवात असू शकत होती.

"गाव वाचलं!" आन्के म्हणाली.

"वाचलं नाही," शलाका म्हणाली. "आपल्याला माहीत नाही, एवढंच कळलंय."

घरी येताना ती तळ्याकाठी गाडी थांबवून बसली. मनात एक वाईट विचार आला होता आणि तो जाता जात नव्हता. हे सांगितलं तर सरकार खोरं सक्तीने रिकामं करणार नाही. लोकांना निवड देईल. आणि निवड दिली की आई काय निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. नाही सांगितलं, नुसतं 'आणखी तपास चालू आहे' म्हटलं, तर शुक्रवारी गाड्या निघतील, आणि आई बॉनच्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर सुखरूप असेल. चूक म्हणावी असं त्यात काय होतं? माणसं सुरक्षितच होणार होती. एका दगडाबद्दल थोडे दिवस गप्प राहायचं. बस्स.

घरी मंदाताई दूध तापवत होत्या. विजेची शेगडी दूध उतू जाऊ देत नाही, आपली आपण बंद होते; पण मंदाताईंचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या पातेल्यापुढे उभ्याच.

"माझी वजरी आणलीस?"

शलाकाने पिशवीतून दगडाचे दोन तुकडे काढून ओट्यावर ठेवले.

"अगं बाई! तुकडे केलेस?"

आणि का कोण जाणे, त्या दोन शब्दांनी शलाकाचा बांध फुटला. तिने सगळं सांगून टाकलं. आतली कड, बाहेरची कड, शुक्रवार, बॉन. अगदी तळ्याकाठचा विचारसुद्धा. "मी नाही सांगितलं तर तू माझ्याबरोबर येशील, आई. सांगितलं तर त्या माणसापायी इथं राहशील. मला भीती वाटते. आणि राग येतो. तो तुला मंदा म्हणतो याचासुद्धा राग येतो."

मंदाताईंनी पातेल्यावरची नजर काढली नाही. दूध वर यायला लागलं होतं.

"त्याला मीच सांगितलं, ताई म्हणू नको म्हणून," त्या म्हणाल्या. "बहिणीला म्हणतात तसं, हे सांगितल्यावर बिचारा दोन दिवस तोंड लपवून होता." त्या जराशा हसल्या. मग हसू गेलं. "शलाके, तुझ्या बाबांचं दुखणं तुला आधी कळलं होतं. तू डॉक्टरला म्हणालीस, आईला सांगू नका, तिला सोसायचं नाही. म्हणालीस ना?"

शलाकाने मान डोलावली. हे आईला माहीत आहे, हेच तिला माहीत नव्हतं.

"मला सोसलं असतं गं. ते उन्हाळाभर माझ्याशेजारी बसून होते आणि मी त्यांच्याशी भाजी-आमटीचं बोलत राहिले. मला कळलं असतं तर मी दुसरं काही बोलले असते. तू मायेनं केलंस, मला ठाऊक आहे. मी कधी बोलले नाही, आजही रागानं बोलत नाही. पण पुन्हा नको करूस. या गावात किती जणी माझ्यासारख्या असतील."

दूध फसफसून काठापर्यंत आलं. शेगडीने शिटी दिली आणि ती विझली. फेस घटकाभर काठावर थरथरला आणि खाली बसला.

"कढ आला," मंदाताई म्हणाल्या. "आला आणि बसला."

शलाकाने आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं. आईच्या पदराला दुधाचा आणि मलमाचा वास होता. ती रडली, आणि मंदाताईंनी तिला रडू दिलं.

शुक्रवारी गावचं सभागृह गच्च भरलं होतं. शलाका जर्मनमध्ये नीट बोलत होती. चित्रं दाखवली, कडा दाखवल्या. पण पहिल्या रांगेतल्या पाववाल्या बाईने उठून विचारलं, "म्हणजे फुटणार की नाही ते सांगा!" तेव्हा शलाकाचा तोल गेला. तोंडातून मराठीच आलं, "हा कढ आहे. कढ आलाय. तो उतू जाईल की बसेल, हे आज हा दगड सांगू शकत नाही."

कानातल्या दुभाष्यांनी कढ हा शब्द तसाच सोडून दिला. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागून योसेफ उठला. त्याने दोन्ही हातांचं पातेलं केलं, बोटं हळूहळू वर नेली, काठावर थरथरवली आणि खाली बसवली. पुन्हा वर नेली आणि या वेळी दोन्ही बाजूंनी सांडवली. "कढ," तो म्हणाला. "दूध. आमच्या घरी रोज असतो."

'आमच्या घरी' हे शलाकाने ऐकलं, पण या वेळी राग नाही आला. मंदाताई मात्र मान खाली घालून पदराशी चाळा करत बसल्या होत्या, कॉलेजातल्या पोरीसारख्या.

ठरलं ते असं. मुलं, आजारी माणसं आणि ज्यांना जायचंय ते जातील. बाकीच्यांनी राहायचं तर समजून-उमजून राहायचं. गाड्या गावात कायम उभ्या राहतील, आणि कडावाचक दर महिन्याला नवा कपचा वाचेल. यंत्र आणि ते चालवणाऱ्या मंडळींनी मात्र बॉनला बसायचं, कारण यंत्र गमावून चालणार नव्हतं.

शलाकाला वाटलं होतं, आपण हट्ट करू. केलाही. "मी इथंच राहते."

"काही नको," मंदाताई म्हणाल्या. "दुधावर लक्ष ठेवणारानं पातेल्यात बसायचं नसतं. तू जा. फक्त एक कबूल कर. बरं असो, वाईट असो, आधी मला सांगायचं. गावाच्या अर्धं मिनिट आधी. आई म्हणून तेवढा मान असू दे माझा."

"कबूल."

"आणि यायला सांगितलंस तर मी येईन. योसेफरावांना बखोटीला धरून आणीन. मला काय मरायची हौस नाही."

शलाका गेली. ओबरमूलन अर्धंमुर्धं उरलं. उरलेल्यांनी तो मराठी शब्द असा काही उचलला, की पावाच्या दुकानात 'गुटेन मॉर्गेन'च्या ऐवजी लोक 'कढ?' म्हणू लागले, असं मंदाताई फोनवर सांगायच्या. उच्चार मात्र सगळे 'काड' असा करत, आणि त्या प्रत्येकाचा उच्चार भर दुकानात सुधारत. बालवाडी पुन्हा भरली होती म्हणायची.

पहिल्या महिन्यात रेघ लख्खच होती. दुसऱ्या महिन्यातही. दर वेळी शलाका आधी आईला फोन करायची आणि सांगायची, "अजून तसाच आहे." आई म्हणायची, "बरं. जेवलीस का?" तिसऱ्या महिन्यात, चौथ्या महिन्यात तेच. शलाकाचा जीव टांगणीला लागलेला असायचा आणि आई वांग्याचं भरीत कसं बिघडलं ते सांगत राहायची.

पानगळीच्या दिवसांत एके दुपारी नवा कपचा आला. शलाकाने तो यंत्रात ठेवला. पडद्यावर स्फटिक उमटला. तिने कडेकडे पाहिलं, आन्केला बोलावलं, तिलाही बघायला लावलं. कडेबाहेर एक अगदी बारीक, शांत थर चढू लागला होता. आणि रेघ दोन्हीकडे किंचित, अगदी किंचित, मुरली होती.

"गावाला कळवू?" आन्केने विचारलं.

"थांब. अर्धं मिनिट."

फोन योसेफने उचलला. मागे जात्याची घरघर ऐकू येत होती. त्याने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. श्वास रोखून एवढंच विचारलं, "कढ?"

"या वेळी तरी," शलाका म्हणाली. "या वेळी तरी बसतोय, योसेफकाका."

काका तिच्या तोंडून आपसूक गेलं. पलीकडे म्हाताऱ्याने फोन बाजूला धरला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मंदा! बसतोय!"

जातं थांबलं.

"ऐकलं, ऐकलं! मी काय बहिरी नाही," लांबून मंदाताईंचा आवाज आला, ओला आणि भरलेला. "तिला म्हणावं, मग दिवाळीला घरी ये. आणि येताना माझी वजरी घेऊन ये. चांगली, अख्खी."